हळद चांगली, पण दवाखाना आधी

तात्या आमचे शेजारी. एके दिवशी सकाळी ते गोठा झाडत होते. एकाएकी त्यांचा उजवा हात लुळा पडला. तोंड वाकडे झाले. बोलायला गेले, पण शब्द फुटेना. काकू धावत आमच्याकडे आल्या.

"गुरुजी, ह्यांच्या अंगावरून वारं गेलं हो!"

आम्ही लगेच गेलो. काकूंना म्हणालो, "हळदीचं दूध पाजा. दुपारपर्यंत बघू."

दूध पाजले. ते घशाखाली नीट उतरेना. तात्यांना जोराचा ठसका लागला. दुपार गेली. संध्याकाळी गाडी आणली. तात्या जगले, पण त्यांचा उजवा हात आजही वर होत नाही. चूक आमची होती. म्हणून हा धडा लिहीत आहोत.

वारे जाते म्हणजे काय?

आपण शेताला पाटाने पाणी देतो. पाटात गाळ अडकला, तर पुढच्या वाफ्यांना पाणी मिळत नाही. मेंदूचेही तसेच आहे. रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकते. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. मग मेंदूतल्या बारीक पेशी मरू लागतात. मोठी वाहिनी तुंबली, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात.

कधी कधी गुठळी नसते, वाहिनीच फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. मेंदूचा सीटी स्कॅन काढला, म्हणजे खरे काय ते कळते.

पण पाणी तुटले म्हणून सगळा वाफा एकदम जळत नाही. काही रोपे नुसत्या माना टाकतात. वेळेवर पाणी आले, तर ती पुन्हा उभी राहतात. मेंदूतही असा वाचण्याजोगा भाग असतो.

वनस्पतींचा उपयोग होतो का?

माना टाकलेला हा भाग टिकवून धरणारी द्रव्ये शास्त्रज्ञ वनस्पतींत शोधत आहेत. हळदीला पिवळा रंग देणारे द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. ते उंदरांना देऊन पाहिले. त्यांच्या मेंदूची हानी कमी झाली. पण वारे गेलेल्या माणसांना त्याचा गुण येतो, हे सिद्ध झालेले नाही. शिवाय हळद सांगलीची असो की वायगावची, खाल्लेल्या हळदीतले हे द्रव्य रक्तात फारच थोडे उतरते.

चीन देशाची गोष्ट ऐका. तिथे सेलरी नावाची भाजी असते. तिच्या बियांत एक द्रव्य सापडले. त्याचे औषध तिथे २००२ सालापासून वापरात आहे. आता ते कारखान्यात बनवतात. २०२३ साली सुमारे १२०० रोग्यांवरील तपासणी प्रसिद्ध झाली. औषध मिळालेल्या दर १०० रोग्यांपैकी ५७ जण चांगले सुधारले. न मिळालेल्यांपैकी ४४ सुधारले.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. त्या सर्वांवर वाहिनी मोकळी करण्याचे उपचार दवाखान्यात झाले होते. वनस्पतीचे औषध त्याच्या जोडीला होते, त्याच्या बदली नव्हते. पाटातला गाळ काढलाच नाही, तर रोपे किती काळ तग धरतील?

मग आपण काय करावे?

रोग्याला हसायला सांगा. तोंड वाकडे होते का? दोन्ही हात वर करायला सांगा. एक खाली पडतो का? एक वाक्य बोलायला सांगा. जीभ अडखळते का? यांतले एक जरी दिसले, तरी १०८ ला फोन करा. गाडी फुकट येते. सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात न्यायला सांगा.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. जितके लवकर, तितका गुण अधिक. म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला, ते लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

रोग्याच्या तोंडात काही घालू नका. दूध नको, काढा नको, पाणीही नको. ते श्वासनळीत जाऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळीही आपल्या मनाने देऊ नका. वाहिनी फुटली असेल, तर ती घात करील.

आणि वारे जाण्याची वाट कशाला पाहायची? रक्तदाब वाढणे हे त्याचे मोठे कारण आहे. तो वेळोवेळी तपासून घ्या. तंबाखू व बिडी सोडा. मीठ बेताने खा.

हळद रोजच्या आमटीत खुशाल घाला. पण अंगावरून वारे गेले, तर हळदीचा डबा शोधू नका. आधी गाडी बोलवा.