रोम, व्हाया नंदुरबार

दोन हजार वर्षांपूर्वी रोमची श्रीमंत मंडळी शॉपिंग करायची, आणि त्यातला काही माल निघायचा आपल्या पैठण-तेरहून. बैलगाडीतून. मधे आडवी यायची तापी...

“नंदुरबार? म्हणजे गुजरातमध्ये ना?”

पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये हा प्रश्न मी तीनदा ऐकला. चौथ्यांदा शहाणी झाले. ‘धुळ्याच्या बाजूला’ असं मोघम सांगून विषय बदलायला लागले. ज्यांचा नकाशा हिंजवडीला सुरू होऊन लोणावळ्याला संपतो, त्यांना १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा कुठे समजावत बसायचा! आणि खरं सांगू? थोडी लाजही वाटायची. सगळं जग एकीकडे आणि आपण पार टोकाहून आलेलो, अशी काहीतरी.

ती लाज घालवली एका ग्रीक व्यापाऱ्याने.

या बाबाचं नाव कुणालाच माहीत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला हा माणूस. बहुधा रोमन अंमलाखालच्या इजिप्तमध्ये राहणारा. तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांचं त्याने ग्रीकमध्ये एक गाइडबुक लिहून ठेवलं : ‘पेरिप्लस’. कुठे काय खपतं, कुठून काय उचलावं, कुठे जहाज रुततं, कुठल्या राजाला काय गिफ्ट न्यावं, सगळं एकदम प्रॅक्टिकल. एखाद्या सीनियर सेल्सवाल्याने नव्या पोरासाठी लिहून ठेवलेली नोटच म्हणा ना.

त्यात बॅरिगाझा, म्हणजे आपलं भरूच, हे मोठं बंदर आहे. आणि मग येतात आपल्या ओळखीची दोन गावं. पैठण : भरूचहून दक्षिणेला २० दिवसांवर. तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून अकीकासारखे दगड यायचे, तेरहून साधं कापड आणि मलमल. कसं यायचं? बैलगाड्यांतून. धड रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून, असं तो आवर्जून लिहितो.

आता जरा नकाशा उघडा. एक बोट भरूचवर ठेवा, दुसरं पैठणवर. मधे काय आहे? आधी नर्मदा. मग तापी. तापी ओलांडल्याशिवाय या गाड्यांची सुटका नव्हती. वाटा एकापेक्षा जास्त असणार, पण लादलेल्या गाडीने थेट सह्याद्रीच्या अंगावर जाण्यापेक्षा सातपुडा आणि सह्याद्री यांच्यामधल्या तापीच्या खोऱ्याने वर सरकणं केव्हाही सोपं. या खोऱ्यात शिरलात की नवापूर आणि नंदुरबार लागतात. पुढच्या काळातले प्रवासी हेच करत होते. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो १६१५मध्ये सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला तो नंदुरबारवरूनच. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्नियेने नवापूरच्या तांदळाचा कस्तुरीसारखा वास लक्षात ठेवून लिहिला. (नवापूरचा तांदूळ खाल्लेल्यांनी इथे मान डोलवावी.)

एक रत्तल पिंपळी = २४ दिवसांचा पगार

बरं, रोमला एवढं काय हवं होतं आपल्याकडून?

भरूचहून बाहेर जाणाऱ्या मालाची यादी वाचताना मला आजीचा फडताळातला औषधांचा डबा आठवला. जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ, पिंपळी! शिवाय हस्तिदंत, अकीक, सुती कापड, रेशीम. येताना जहाजं आणायची दारू (इटलीची असेल तर उत्तम, असं पेरिप्लसवाला स्पष्ट सांगतो), तांबं, कथील, शिसं, पोवळी, काच, सुरमा. आणि सोन्याचांदीची नाणी. ती इथल्या चलनात बदलून घेतली की वर नफा, हेही तो सांगायला विसरत नाही. फॉरेक्सचा फंडा तेव्हाही सगळ्यांना कळत होता.

यातल्या पिंपळीचा भाव बघा. रोमन लेखक प्लिनी लिहितो, की काळी मिरी रत्तलाला ४ दिनार, पांढरी ७ आणि पिंपळी १५. रोमन रत्तल म्हणजे साधारण ३२७ ग्रॅम. सम्राट ऑगस्टसच्या काळात साध्या शिपायाचा पगार होता वर्षाला २२५ दिनार. करा हिशोब. पाव किलोपेक्षा जरा जास्त पिंपळीसाठी त्या बिचाऱ्याची २४ दिवसांची कमाई! आपल्याकडे सर्दी झाली की मधातून चाटवायची वस्तू ही.

त्यामुळे रोममध्ये कुरकुर सुरू झाली. भारत दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स खेचून नेतो, असं याच प्लिनीने लिहिलं. एका दिनारचे चार सेस्टर्स, म्हणजे सव्वा कोटी दिनार. त्याच्या आधी इसवी सन २२मध्ये सम्राट टायबेरियसने सिनेटला पत्र पाठवून तक्रार केली होती, की बायकांच्या हिऱ्यामाण्यांपायी आपला पैसा परक्यांकडे, अगदी शत्रूंकडेही चाललाय. गंमत म्हणजे याच मालावर सरकार सीमेवर २५ टक्के जकात घेत होतं. एका हाताने वसुली, दुसऱ्या हाताने उपदेश. ओळखीचं वाटतंय?

पण यादीत एक ओळ अशी आहे, की तिथे माझं हसू थांबलं. राजासाठी आणायच्या भेटवस्तू : चांदीची भांडी, गाणारी मुलं, जनानखान्यासाठी सुंदर मुली, उंची दारू, तलम कपडे, उत्तम अत्तरं. याच क्रमाने. भांडी आणि दारू यांच्या मधे माणसं. लिहिणाऱ्याचा हात कुठे अडखळलेला दिसत नाही. रोमन समाज गुलामांच्या जिवावर चालत होता हे शाळेत वाचलेलं असतं. पण मालाच्या यादीत असं सहज लिहिलेलं दिसलं की वेगळं लागतं. आणि ही ऑर्डर इकडच्या राजवाड्यासाठी होती, हेही विसरून चालणार नाही.

कस्टमर पळवापळवी

भरूच एवढं मोठं का झालं? एक कारण म्हणजे आपल्याकडचं भांडण. खाली कल्याणलाही चांगलं बंदर होतं. पण पेरिप्लसच्या काळात तिथे ग्रीक जहाज चुकून गेलंच, तर त्याला पहाऱ्यात भरूचला नेलं जायचं. क्षत्रप नहपान आणि सातवाहन यांच्यात रस्सीखेच होती, आणि जहाजं ज्याच्या बंदरात, पैसा त्याच्या खिशात. भरूचच्या खाडीत शिरणं भलतंच धोक्याचं, भरतीचा लोंढा जहाजं उलथवायचा. म्हणून राजाच्या नोकरीतले कोळी होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जायचे आणि जहाजांना वाट दाखवत आत आणायचे. कस्टमर सर्व्हिस म्हणतात ती हीच!

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने सरळ आपला ठसा मारला होता. कंपनी टेकओव्हर झाली, जुन्या स्टेशनरीवर नवा लोगो!

मला मात्र या सगळ्यात आवडतो तो नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या पांडवलेण्यात त्याचा लेख आहे. त्याने भरूच, सोपारा वगैरे ठिकाणी प्रवाशांसाठी धर्मशाळा बांधल्या आणि काही नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. त्या नद्यांच्या यादीत आपली तापी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तापीवर तर फ्री होती, सासऱ्याच्या राज्यात जावयाच्या खर्चाने.

आणि माल खरंच पोचायचा का? १९३८मध्ये इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती निघाली. ठसठशीत दागिने, दोन बाजूंना दोन दासी. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून ती प्रसिद्ध झाली, पण बहुधा ती यक्षी असावी. इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली शहर गाडलं गेलं, म्हणजे ती त्याआधीच तिथे पोचली होती. तिच्याशी खूप जुळणारी हस्तिदंती मूर्ती सापडलीय आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. त्यामुळे ती तिकडची, भोकरदन-तेर पट्ट्यातली, असं बरेच अभ्यासक मानतात. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. उलट दिशेने आलेला समुद्रदेव पोसायडन कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये उभा आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला. ज्यांना इम्पोर्टेड परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी रोमन नाण्यांच्या मातीतल्या नकला बनायच्या, गळ्यात घालायला. दख्खनच्या उत्खननांत त्या मिळाल्यात. फर्स्ट कॉपीची हौस आपल्याला आजची नाही.

प्रकाशाच्या टेकाडावर

हे सगळं वाचून मी गेल्या दिवाळीनंतर घरी गेले तेव्हा प्रकाशाला जाऊन आले. लहानपणी केदारेश्वराच्या दर्शनाला शंभरदा गेलेय. ‘दक्षिण काशी’ म्हणून गर्दी असतेच. पण देवळाशिवाय तिथे काही बघायचं असतं हे डोक्यातच नव्हतं.

तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशाचं जुनं पांढरीचं टेकाड आहे. १९५५मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी ते खणलं. एकावर एक चार कालखंड निघाले. सगळ्यात खाली ताम्रपाषाण युगातली वस्ती. तिच्यावर लोखंड वापरणाऱ्यांची, त्यांच्याकडे गंगेच्या खोऱ्यातली चकचकीत काळी भांडी. तिच्यावर, सातवाहनांच्या काळातली. म्हणजे पेरिप्लसवाला भरूचला दारूचे भाव लिहीत होता तेव्हा या टेकाडावर चुली पेटत होत्या. आम्ही खाली घाटावर भेळ खायचो, आणि वर हे!

तिथे बोर्ड वाचायला जाल तर निराश व्हाल. भोकरदनला काय, प्रकाशाला काय, तोच प्रकार. तेर त्या मानाने नशीबवान. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचं तिथे म्युझियम तरी आहे.

परत निघाले तेव्हा पुलाअलीकडे चहाच्या टपरीशी एक पिकअप थांबली होती. मागे पातेली, गोधड्या, कोंबड्या, तीन-चार कुटुंबं. ऊसतोडीला गुजरातकडे चाललेली. दरवर्षी आमच्या जिल्ह्यातून हजारो आदिवासी असे जातात आणि पावसाळ्याआधी परततात. माल तोच रस्ता सोडून गेला, माणसं अजून जातायत.

एका बाईंशी बोलायला लागले. माझ्याच वयाच्या असतील, कडेवर पोर. म्हटलं, ताई, पोचायला किती वेळ?

“रात्री बसलो की सकाळी तिथं.”

मी त्यांना २० दिवसांचं सांगितलं. बैलगाड्या, कापड, अकीक, भरूच, पलीकडे रोम. रोम त्यांनी सोडून दिलं. बैलांवर मात्र थांबल्या.

“वीस दिवस? मग बैलांना चारा कोण द्यायचं?”

पेरिप्लसमध्ये हे नाही. चाऱ्याचे पैसे कोण द्यायचं, गाडीवानाला किती मिळायचे, काहीच नाही. मी तसं सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, “लिहिणारा गाडीत नसंल बसला.” तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न दिला, आणि पोराला आधी वर चढवून त्या मागोमाग चढल्या.