‘ए’ सर्टिफिकेट नसलेला हॉरर सिनेमा चालतो का?

समजा, वर्ध्यातले पाच मित्र हॉरर सिनेमा बघायला निघालेत. चौघांना अठरा पूर्ण झालीत, पाचवा सतराचा आहे. सिनेमाला ‘ए’ सर्टिफिकेट असेल तर नियमानं पाचव्याला आत सोडता येत नाही. मग त्याला एकट्याला परत कोण पाठवणार? पाचही जण दुसऱ्या सिनेमाला जातात. एकाच्या वयापायी पाच तिकिटं गेली.

हॉरर सिनेमावाल्यांचं खरं दुखणं हेच आहे. भुताच्या सिनेमाचा हक्काचा प्रेक्षक म्हणजे शाळा-कॉलेजातली पोरं. पण भीती वाढवली की तोच प्रेक्षक दाराबाहेर राहतो. आणि भीती कमी केली तर सिनेमा मिळमिळीत होणार, असं आपण धरून चालतो.

तसं खरंच होतं का?

आधी सर्टिफिकेटचं गणित

‘यू’ म्हणजे सगळ्यांसाठी, ‘ए’ म्हणजे फक्त अठरा वर्षांवरच्यांसाठी. मधला ‘यूए’ १९८३ साली आला. २०२३ च्या कायदादुरुस्तीनं त्याचे तीन भाग केले: ७+, १३+ आणि १६+.

इथं अनेकांचा गोंधळ होतो. ‘यूए १६+’ म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाला बंदी नाही. तो आईवडिलांना दिलेला इशारा आहे, निर्णय त्यांनी घ्यायचा. बंदी फक्त ‘ए’ला. शिवाय ‘ए’ सिनेमा आहे तसा टीव्हीवर दाखवता येत नाही, म्हणजे कमाईची ती वाटही अडते.

मुंज्यानं काय केलं?

मुंज झाल्यावर लगेच मेलेला पोरगा पिंपळावर बसतो, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी आजीकडून ऐकलेली. आदित्य सरपोतदार यांनी तीच कोकणात नेऊन ‘मुंज्या’ केला. ‘यूए’ सर्टिफिकेट, मोठा स्टार नाही. ७ जून २०२४ ला सिनेमा आला. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे आपल्याकडच्या पोरांना तेव्हा सुट्ट्याच होत्या. सिनेमानं देशात शंभर कोटींचा टप्पा ओलांडला.

कुणी म्हणेल, त्यात कॉमेडी होती म्हणून चालला. पण त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या ‘शैतान’मध्ये हसण्यासारखं फार काही नव्हतं. तोही ‘यूए’, त्यानंही शंभर कोटी पार केले.

मग भीती येते कुठून?

सर्टिफिकेटची कात्री बहुतेक वेळा रक्त, हिंसा आणि नग्नतेवर चालते. शांततेवर ती कशी चालणार? अमेरिकेतला ‘अ क्वाएट प्लेस’ (२०१८) तिथल्या ‘पीजी-१३’ रेटिंगमध्ये बसला. त्यात आवाज केला की मरण, एवढीच कल्पना. सुमारे पावणेदोन कोटी डॉलरमध्ये बनलेल्या या सिनेमानं जगभरात ३४ कोटी डॉलर कमावले.

उलट ‘द कॉन्ज्युरिंग’ला (२०१३) रक्तपात फारसा नसूनही, केवळ फार भीतीदायक म्हणून वरचं ‘आर’ रेटिंग मिळालं. तरी तो तुफान चालला. पण तिथे ‘आर’ला सतरा वर्षांखालचं मूल मोठ्यांसोबत जाऊ शकतं. आपल्या ‘ए’ला ती सोय नाही.

आणि ‘तुंबाड’?

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये ‘ए’ सर्टिफिकेट घेऊन आला. तेव्हा थिएटरात त्याची कमाई बेताचीच राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. म्हणजे ‘ए’ सिनेमा चालतच नाही असं नाही. पण त्याला प्रेक्षक जमवायला सहा वर्षं आणि लोकांची तोंडी जाहिरात लागली. तेवढी वाट बघणं प्रत्येक निर्मात्याला परवडत नाही.

तर उत्तर सरळ आहे: ‘यूए’ हॉरर चालतो, फक्त गोष्ट रक्तावर उभी नसावी. आजीनं मुंज्याची गोष्ट सांगताना कुठं रक्त दाखवलं होतं? तरी आपण रात्री पिंपळाखालून जाताना पाय उचललाच ना!