डॉक्टर नसलेले हाफकिन

मुंबईत परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे ते वाल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) वैद्यकीय डॉक्टर नव्हतेच. ओडेसात प्राणिशास्त्र शिकले आणि पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शिरले ते ग्रंथालयातल्या नोकरीवर. १८९२ मध्ये कॉलऱ्याची लस आधी स्वतःला टोचून घेतली, पुढच्या वर्षी भारत गाठला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन प्लेगच्या लशीच्या कामाला लागले. जंतू वाढवायच्या रश्श्यावर तुपाचे थेंब सोडायचे. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबकळत वाढायचे. ते उष्णतेने मारले की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी तीही पहिल्यांदा त्यांच्याच अंगात गेली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. ठपका ती लस बनवणाऱ्या मुंबईच्या प्रयोगशाळेवर, पर्यायाने हाफकिन यांच्यावर आला आणि पद गेलं. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, हे चौकशीत नोंदलेलं असूनही! रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ जाहीरपणे हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा कुठे १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. परत नेमणूक मिळाली ती कलकत्त्यात. मुंबईतल्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव लागलं १९२५ मध्ये. तोवर ते भारत सोडून गेले होते.