दुरुस्तीचा रविवार

मुंबईच्या लोकलगाड्यांचे रूळ, विजेच्या तारा व सिग्नल यांची डागडुजी बहुधा रविवारी करतात. तिलाच ‘मेगाब्लॉक’ म्हणतात. त्या दिवशी कचेऱ्या बंद असल्याने लोकांची गैरसोय कमी होते, असा त्यामागील हिशेब असतो. परंतु इस्पितळातील सफाई कामगार, पहारेकरी, मोलकरीण आणि उपाहारगृहातील वाढपी यांना रविवारची सुट्टी कोठली?

मे २०२४ च्या अखेरीस ठाण्याचा फलाट रुंद करण्यासाठी सलग ६३ तासांचा ब्लॉक घेण्यात आला. त्या तीन दिवसांत एकंदर ९३० लोकल रद्द झाल्या. ज्यांचे काम घरी बसून होण्याजोगे होते, त्यांचे निभावले. रोजंदारीवरील माणसाची मात्र एक तर मजुरी बुडते, नाहीतर खिशात पास असूनही रिक्षाभाड्याचा भुर्दंड पडतो. आपल्या हिंडलग्याहून बेळगावास कामाला जाणाऱ्या मजुराची बस बंद राहिली, तर त्याचीही हीच गत होईल.

म्हणून दुरुस्तीच नको, असे मात्र नव्हे. नादुरुस्त रूळ प्रवाशांच्या प्राणांवर बेततो. तथापि आगाऊ सूचना, त्याच पासावर पर्यायी बस आणि उशिरा येणाऱ्यास मालकाकडून सवलत, एवढे तरी व्हावे. सर्वांच्या सोयीची किंमत एकट्या गरिबाने का मोजावी?