बेथलेन गाबोर : सुलतानाचे प्यादे?

१६१३मध्ये बेथलेन गाबोर ट्रान्सिल्व्हेनियाच्या गादीवर बसला तो ऑटोमन फौजेच्या बळावर, आणि १६१६मध्ये लिप्पाचा किल्लाही त्याने तुर्कांच्या हवाली केला. म्हणून त्याला सुलतानाचे प्यादे म्हणतात. आक्षेप खरा, पण अपुरा आहे. १६२०मध्ये हंगेरीचा राजा म्हणून निवड होऊनही त्याने राज्याभिषेक करवून घेतला नाही आणि हॅब्सबर्ग सम्राटाशी झालेल्या निकोल्सबर्गच्या तहात ती पदवी सोडून सात परगणे हयातीपुरते पदरात पाडून घेतले. इतका स्वतंत्र हिशेब मांडणारा माणूस प्यादे कसा? स्वतः कॅल्विनपंथी असून त्याने १६२३मध्ये ज्यूंना सनद दिली, जेझुइट काल्दीच्या कॅथलिक बायबलच्या छपाईला मदत केली. भूदासांच्या मुलांना शिक्षणापासून अडवण्यास त्याच्या राजवटीने जमीनदारांना मनाई केली; त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा हे काम मोठे आहे.