माळाच्या पुस्तकाची कच्ची पानं

बारामती एमआयडीसीत मी यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढतो. त्यामुळे मुलांसाठी माळरानाचं चित्रपुस्तक करायचं ठरलं तेव्हा मोजमापं माझ्याकडे आली, चित्रं एका मैत्रिणीकडे आणि मजकूर जिल्हा परिषद शाळेतल्या एका बाईंकडे. त्याला आता दोन पावसाळे उलटले.

आधी नुसती यादी होती. चिंकारा, लांडगा, खोकड, तरस, टिटवी, रोहित, पानाला एक. "मग वर्गातला तक्ता काय वाईट?" असं बाईंनी विचारलं आणि यादी तिथेच बाद झाली.

मग ऋतू धरले. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य (१९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं), शिर्सुफळ, इंदापूरकडची कडबनवाडी. या सगळ्या माळांवर पावसाळ्यात गवत, दिवाळीनंतर पायजम्याला चिकटणारी कुसळं, थंडीत लांडग्याची पिल्लं आणि नंतर नुसती तांबूस जमीन. रंगावरून बरीच हुज्जत झाली. मुलांचं पुस्तक हिरवंगार हवं, असं छापखान्यातून सुचवलं गेलं. पण इथल्या पोरांना वर्षातले सात-आठ महिने माळ पिवळाच दिसतो. सरकारी दफ्तरात तो पडीक ठरला, म्हणून त्यावर झाडं लावली गेली. आम्ही रंगानं तेच करण्यात काय हशील?

टिटवीच्या पानावर माझी नोकरी कामी आली. टिटवी घरटं म्हणून काही बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांत अंडी घालते, बहुधा चार. आमच्या ड्रॉइंगवर कोपऱ्यात प्रमाण लिहावं लागतं. इथे ठरवलं एकास एक. अंडं सुमारे चार सेंटिमीटर, खडेही तेवढेच, रंग तोच. मजकूर एका ओळीचा. शाळेत कच्चं पान दाखवलं तेव्हा पोरं बोटानं खडे चाचपत बसली. लांडग्याचा पंजाही खऱ्या मापाचा आहे. वाचणाऱ्यानं त्यावर आपला तळवा ठेवायचा.

रोहितचं पान मैत्रिणीचं. उजनीचं पाणी ओसरलं की भिगवण-कुंभारगावच्या चिखलात हे पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून पाणी गाळतात. म्हणून तिनं ते पानच उलटं काढलं. पुस्तक फिरवल्याशिवाय चोच नीट कळत नाही.

सगळ्यात अवघड गेला लांडगा. तो मेंढरू उचलतो हे दाखवायचं की नाही? दाखवलं. धनगराच्या वाड्यावरच्या मुलाला आपण काय लपवणार? माझ्या मते हे पुस्तकातलं सगळ्यात प्रामाणिक पान आहे. एमआयडीसीचं पान मात्र अजून जमलेलं नाही. रिकामा प्लॉट, कुंपण, मागे शेड, पुढे टिटवी. शेड मोठी काढली की टिटवी हरवते, लहान काढली की खोटी वाटते.

सध्या बत्तीस पानांची डमी तयार आहे. सोळा-सोळाचे दोन फॉर्म, मध्ये पिना. शेवटची दोन पानं मुद्दाम कोरी ठेवली आहेत, पाखरांच्या आणि गवतांच्या गावाकडच्या नावांसाठी. बारामती-इंदापूरच्या तुमच्या गावात चंडोलाला, धाविकाला किंवा एखाद्या गवताला वेगळं नाव असेल, तर या अंकाच्या पत्त्यावर कळवा. नावाबरोबर गावही लिहा.