पदर जुना, घडी नवी

दिवाळीच्या खरेदीला बाहेर पडावे, तर हल्ली दुकानदार हमखास विचारतो, "ताई, डिझायनर दाखवू का?" जणू बाकीच्या साड्या कुणी आखल्या-विणल्याच नाहीत, त्या आपोआप झाडाला लागल्या! या एका शब्दाने साडीची किंमत दुप्पट होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यातला वाढीव पैसा माग चालविणाऱ्या हातापर्यंत पोचतो का, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. मला वाटते, या नव्या वेषरचनाकारांची पारख करायची ती याच एका प्रश्नावर.

कारण आपल्याकडे असे काही जण आहेत, की ज्यांनी फॅशनच्या नावाखाली खरे म्हणजे जुन्या कलेचा संसार सांभाळला. रितू कुमार यांनी १९६९ च्या सुमारास कलकत्त्यात दोन लहानशी टेबले आणि लाकडी ठसे एवढ्या भांडवलावर काम मांडले. ठशांची छपाई आणि जरदोजीचे भरतकाम नव्या पिढीच्या अंगावर आले, त्यात त्यांचा वाटा फार मोठा. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

महेश्वरची गोष्ट तर आपल्या घरचीच. अहिल्याबाईंनी नर्मदाकाठी विणकर आणून वसविले आणि महेश्वरी साडीचा लौकिक झाला. पुढे राजाश्रय गेला, मागही एकेक करून थंडावले. तेव्हा होळकरांच्याच घरातील रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी १९७९ मध्ये 'रेहवा सोसायटी' काढली व तेथल्या स्त्रियांना मागावर बसविले. ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, म्हणून हे वस्त्र अंगाला हलके. आणि काठांवर किल्ल्याच्या दगडी नक्षीतून उतरलेल्या चटई, विटा नि लाटा! नवे असे फारसे काही केले नाही. जे होते ते नीट विणले, रंग जरा निवळले आणि योग्य गिऱ्हाइकापर्यंत नेले. पुष्कळदा एवढ्यानेच भागते.

राहुल मिश्रा या तरुणाचे मला कौतुक वाटते ते वेगळ्या कारणाने. २०१४ साली मिलानमध्ये 'इंटरनॅशनल वूलमार्क' पारितोषिक पटकावणारा तो पहिला भारतीय, आणि २०२० च्या जानेवारीत पॅरिसच्या 'ओत कुतूर' सप्ताहात जाणाराही पहिलाच. हा सप्ताह म्हणजे वेषभूषेच्या जगाची पंढरी. परंतु त्याहून मोलाची गोष्ट अशी, की मुंबईच्या झोपडपट्टीत दाटीवाटीने राहून सुई चालविणाऱ्या कारागिरांना त्याने आपापल्या गावी परतून तेच काम करण्याची सोय करून दिली. माणूस कामामागे धावत शहरात येतो. येथे कामच माणसामागे गावी गेले.

त्याच पंढरीला २०२१ च्या जुलैमध्ये वैशाली शडांगुळे पोचल्या. विदिशासारख्या लहान गावाहून मुंबईस आलेल्या या बाई तेथे जाणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. त्यांनी वर्षानुवर्षे ज्या कापडांवर जीव लावला, त्यांत आपला खणही आहे! होय, तोच खण, जो आपण नारळ-तांदळासह ओटीत घालतो. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डचे विणकर तो विणतात. त्याचा पन्हा मुळातच अरुंद, चोळीपुरता. चोळ्या नेसत्या लुगड्यांबरोबर मागे पडल्या आणि खणाला गिऱ्हाईक उरले ते ओटीचे. नव्या मंडळींनी त्याचे झगे केले, जाकिटे केली, साडीच्या पन्ह्यात तो विणून घेतला, आणि महाराष्ट्रातल्या मुली हौसेने खणाची साडी नेसू लागल्या.

पण येथेच खरी मेख आहे. एखादी वस्तू लोकप्रिय झाली, की यंत्रमाग तिची नक्कल घेऊन धावत येतो. कृत्रिम धाग्याचा खण चौथ्या हिश्श्याच्या भावात मिळू लागतो, आणि ज्याच्या कलेची एवढी वाहवा झाली, तो विणकर जागच्या जागीच राहतो. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार मोजले गेले. त्यांत स्त्रियाच अधिक. आणि विणकर कुटुंबांपैकी सुमारे दोन-तृतीयांश घरांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांच्याही आत भरले! अशा घरातला मुलगा बापाच्या मागावर का बसेल? तो न बसला, तर पुढच्या रचनाकाराने परंपरा शोधायची तरी कुठे?

तेव्हा मी म्हणते, थोडी जबाबदारी आपल्याकडेही येते. पैठणी घेताना पदर उलटून पाहावा. अस्सल पैठणीची नक्षी दोन्ही अंगांनी सारखी दिसते. मागे सुटे धागे लोंबत नाहीत. येवल्यातला असा भरगच्च पदर विणायला महिनेच्या महिने लागतात. तो दोन हजारांत कसा मिळेल? कपड्यावर हातमागाची खूण आहे का पाहावे. आणि दुकानदाराने "डिझायनर" म्हणताच हसून विचारावे, "अहो, आखली कुणी ते कळले, विणली कुणी?" चांगला रचनाकार या प्रश्नाने बावरत नाही. तो गावाचे नाव सांगतो, कधी विणकराचेही सांगतो.

सगळ्यांनाच दर साली पैठणी परवडत नाही, हे खरेच. पण दरवर्षी चार साड्या घेऊन त्या कपाटात कोंबण्यापेक्षा दोन वर्षांनी एकच घ्यावी, पण हाताने विणलेली घ्यावी. यंदा भाऊबीजेला भावाने "काय हवे?" म्हणून विचारले, तर बहिणींनो, नि:संकोचपणे सांगा. त्या ओवाळणीतला वाटा दूरच्या एका मागावरच्या दिव्यालाही मिळेल, आणि तो दिवा आणखी काही वर्षे तेवत राहील.